तुंकी ओळखायचा कसा: आधी डोंगराची बाजू, मग रंग

अँडीज पर्वतातल्या पक्ष्यांचे फोटो बघायला लागलात की हा पक्षी फार दिवस लपून राहत नाही. अंगभर भडक नारिंगी किंवा गडद लाल रंग, काळेभोर पंख, काळी शेपूट, पंखांच्या आतल्या बाजूला फिकट राखाडी रंगाची रुंद पिसं, आणि डोक्यावर चोच जवळजवळ झाकून टाकणारा गोल तुरा. इंग्रजीत त्याला अँडीयन कॉक-ऑफ-द-रॉक म्हणतात, स्पॅनिशमध्ये गायितो दे लास रोकास, आणि पेरूमध्ये केचुआ भाषेत तुंकी. शास्त्रीय नाव रुपिकोला पेरुव्हियानस, कुळ कोटिंगा. पेरूचा हा राष्ट्रीय पक्षी. लेखात मी त्याला तुंकीच म्हणणार आहे.

तुंकीचा नर ओळखायला पक्षीनिरीक्षणाचा अनुभव लागत नाही. अडचण पुढे येते. एका फोटोत तो नारिंगी दिसतो, दुसऱ्यात लालभडक, आणि नवखा माणूस विचारात पडतो की हे दोन वेगळे पक्षी आहेत, की एकाच पक्ष्याची वेगवेगळी वयं, की कॅमेऱ्याची करामत. या तिन्ही शक्यता तपासायच्या असतात, आणि त्या कोणत्या क्रमाने तपासायच्या यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात. माझं ठाम मत असं की रंग शेवटी बघावा.

उपजाती म्हणजे काय, हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला शेकरूवरून पटकन कळेल. भीमाशंकरच्या शेकरूची पाठ तांबूस-तपकिरी असते, तर सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या शेकरूच्या पाठीवर आणि शेपटीवर ठळक काळा रंग असतो. प्राणी तोच, जात तीच, पण प्रदेश बदलला की अंगावरचा रंग बदलतो. तुंकीचंही असंच आहे. त्याच्या चार उपजाती मानल्या जातात: पेरुव्हियानस, इक्वेटोरियालिस, सँग्विनोलेन्टस आणि सॅच्युरेटस. जॉन लॅथम यांनी 1790 मध्ये या जातीचं वर्णन केलं. सँग्विनोलेन्टस आणि सॅच्युरेटस या दोघींची वर्णनं 1859 या एकाच वर्षातली आहेत, आणि इक्वेटोरियालिसचं 1889 मधलं.

पहिली पायरी: हा तुंकीच आहे ना?

आकाराने तुंकी सुमारे 32 सेंटीमीटर, म्हणजे कबुतराएवढा. अंग भरलेलं, मान आखूड, शेपूटही फार लांब नाही. नराचा तुरा हीच पहिली खूण. दोन्ही बाजूंनी चपटा असलेला हा तुरा कपाळापासून पुढे येऊन चोचीवर वाकलेला असतो. त्यामुळे बाजूने बघितलं तर पक्ष्याला चोच नाहीच असं वाटतं. डोकं, मान, छाती, पोट आणि पाठीचा वरचा भाग एकाच रंगाचा. पंख आणि शेपूट काळी. पंख मिटलेले असताना पाठीवर राखाडी पिसं ठळकपणे दिसतात.

गोंधळ करणारा खरा भाऊबंद एकच: गयानन कॉक-ऑफ-द-रॉक. रुपिकोला वंशात या दोनच जाती आहेत. तोही नारिंगी, त्यालाही तसाच तुरा. पण त्याच्या तुऱ्याच्या कडेजवळून एक बारीक गडद रेघ जाते, शेपटीच्या टोकाला नारिंगी किनार असते, आणि पंखांच्या आतल्या पिसांना रेशमी दोऱ्यांसारख्या झिरमिळ्या असतात. तुंकीची शेपूट संपूर्ण काळी असते आणि राखाडी पिसं साधी, रुंद असतात. शिवाय दोघांचे मुलूख वेगळे. गयानन जात गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना, दक्षिण व्हेनेझुएला, पूर्व कोलंबिया आणि उत्तर ब्राझीलच्या खडकाळ जंगलांत राहते. तुंकी अँडीजच्या उतारांवर. इंटरनेटवर मात्र या दोघांचे फोटो एकमेकांच्या नावाने सर्रास फिरतात, त्यामुळे फोटोवरून ओळखताना शेपटीचं टोक आणि तुऱ्याची कड आधी बघा.

रानात प्रत्यक्ष बघताना दाट पानांमागे नुसता लाल रंगाचा तुकडा दिसला तर घाई करू नका. त्याच उंचीवर ट्रोगन आणि केत्साल नावाचे रानपक्षी असतात. त्यांचं पोट लाल असतं, पण छाती आणि डोकं हिरवं. रेड-रफ्ड फ्रूटक्रो नावाचा कावळ्याएवढा आणखी एक कोटिंगा असतो. त्याचा गळा लाल-नारिंगी आणि डोकं काळं. तुंकीच्या नराचं डोकं कधीच काळं किंवा हिरवं नसतं.

दुसरी पायरी: नर, मादी की वयात येणारा नर?

हे आधी ठरवल्याशिवाय उपजातीकडे जाऊ नका. वर सांगितलेल्या सगळ्या भडक खुणा पूर्ण वाढलेल्या नराच्या आहेत. मादी तपकिरी असते, अंधुक तांबूस झाक असलेली. तिचा तुरा लहान असतो, त्यामुळे चोच स्पष्ट दिसते. नराची चोच पिवळसर असते. मादीची चोच गडद आणि टोकाला थोडी पिवळी. कोवळा नर आधी मादीसारखा दिसतो आणि मग त्याच्या अंगावर नारिंगी किंवा लाल ठिगळं दिसू लागतात. असा अर्धवट रंगलेला पक्षी उपजाती ठरवायला अजिबात उपयोगाचा नाही. तो बघा, त्याचा आनंद घ्या, पण रंगावरून त्याला नाव देऊ नका.

मादी बहुतेक वेळा एकटी दिसते, आणि ओढ्याकाठच्या कड्यांजवळ. खडकाच्या कपारीत, वर छपरासारखा दगड असेल अशा जागी ती चिखल आणि झाडांच्या तंतूंचं वाटीसारखं घरटं कड्याला चिकटवते. साधारणपणे दोन अंडी घालते आणि एकटीच उबवते. नर यात काहीही करत नाही. कड्याजवळ तपकिरी, तुरेवाली, कबुतराएवढी पक्षीण दिसली तर जिथे आहात तिथूनच दुर्बिणीने बघा आणि लवकर मागे फिरा. घरट्याचा फोटो मिळावा म्हणून कपारीकडे जाण्याचं कोणतंही समर्थन मला मान्य नाही.

तिसरी पायरी: डोंगराची कुठली बाजू?

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच लोक गाळतात.

तुंकी साधारण 500 ते 2400 मीटर उंचीच्या दमट, धुक्याच्या जंगलात राहतो. अँडीजची मुख्य धार याच्या कितीतरी वर आहे. इक्वेडोरचं उदाहरण घ्या. किटो शहराच्या पश्चिमेला उतरलात की दोनेक तासांत मिंदो भागात पोहोचता, सुमारे 1250 मीटरवर. पूर्वेला निघालात तर आधी पापायाक्ताची सुमारे 4000 मीटर उंचीची खिंड लागते, आणि ती ओलांडल्यावर रस्ता कोसांगाच्या, म्हणजे अॅमेझॉनकडच्या जंगलात उतरतो. दोन्हीकडे तुंकी आहे. पण मधलं थंड, गवताळ, उंच माळरान त्याला ओलांडता येत नाही. त्यामुळे पश्चिमेचे आणि पूर्वेचे पक्षी वेगवेगळे राहिले आणि त्यांचे रंगही वेगळे झाले. पश्चिम बाजूला सँग्विनोलेन्टस, पूर्व बाजूला इक्वेटोरियालिस. एकाच प्रवासात दोन्ही रूपं बघायची असतील तर किटोसारखी सोयीची जागा दुसरी नाही. नवख्यांना मी हाच प्रवास सुचवेन.

आता चारही उपजातींचा मुलूख उत्तरेकडून दक्षिणेकडे असा लक्षात ठेवा.

सँग्विनोलेन्टस पश्चिम कोलंबिया आणि वायव्य इक्वेडोरमध्ये असते. इथे एक बारकावा आहे. कोलंबियात अँडीजच्या तीन रांगा होतात: पश्चिम, मध्य आणि पूर्व. त्यांच्यामधून काउका आणि मॅग्दालेना या नद्यांची खोरी जातात. सँग्विनोलेन्टस पश्चिम रांगेची आहे, नुसत्या पश्चिम उताराची नाही. अँतिओकिया प्रांतातलं हार्दिन हे गाव पश्चिम रांगेच्या पूर्व उतारावर आहे, काउकाच्या बाजूला, आणि तिथले नर गडद लालच असतात. गावाला लागूनच नरांची नाचाची जागा असल्यामुळे या उपजातीचे असंख्य फोटो हार्दिनचे असतात. म्हणून कोलंबियात ‘कुठला उतार’ यापेक्षा ‘कुठली रांग’ हा प्रश्न विचारा.

इक्वेटोरियालिसचा मुलूख सगळ्यात मोठा. पश्चिम व्हेनेझुएलापासून कोलंबियाच्या पूर्वेकडच्या अँडीजमधून, इक्वेडोरच्या पूर्व उतारावरून उत्तर पेरूपर्यंत.

त्याच्या दक्षिणेला मध्य पेरूत पेरुव्हियानस. आणि आग्नेय पेरूपासून पश्चिम बोलिव्हियापर्यंत सॅच्युरेटस. कुस्कोहून मानूच्या जंगलात उतरणारा प्रसिद्ध रस्ता, कोस्निपाता खोऱ्यातला, याच उपजातीच्या मुलखात येतो. बोलिव्हियात ला पाझच्या बाजूचे युंगास, म्हणजे पूर्व उतारावरची दमट जंगलं, तिचीच.

व्यवहारात याचा अर्थ असा: फोटो कुठे काढला हे माहीत असेल तर बहुतेक वेळा उपजाती फोटो न बघताच सांगता येते. माहीत नसेल तर फोटो कितीही स्वच्छ असला तरी उत्तर अर्धवटच राहतं. फक्त ‘पेरू’ एवढंच लिहिलेलं असेल तर तीन उपजाती शक्य आहेत. ‘इक्वेडोर’ एवढंच असेल तर दोन. म्हणून फोटो देणाऱ्याला आधी विचारा: जवळचं गाव कोणतं, उंची किती, नदी कोणती, कोणत्या शहरातून कुठल्या दिशेला गेला होतात. ही माहिती नकाशावर टाका आणि पाण्याचा उतार बघा. पाणी प्रशांत महासागराकडे जातंय की अॅमेझॉनकडे, हे इक्वेडोरमध्ये तर लगेच निकाल देतं.

चौथी पायरी: आता रंग

जागा लिहून झाली की मग रंगाकडे या, तेही जागेशी पडताळून बघायला.

सँग्विनोलेन्टसचा नर गडद रक्तवर्णी असतो. चांगल्या उजेडात यात नारिंगी शोधूनही सापडत नाही. मादीसुद्धा इतर उपजातींच्या माद्यांपेक्षा गडद, लालसर तपकिरी. इक्वेटोरियालिस आणि पेरुव्हियानसचे नर नारिंगी, आणि या दोघांना नुसत्या रंगावरून वेगळं करण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये. तिथे जागाच निर्णय देते. सॅच्युरेटसचा नर लालसरपणाकडे झुकणारा, भरदार नारिंगी.

सगळ्यात नेहमीची चूक इथेच होते. मानूच्या रस्त्यावरचा नारिंगी-लाल नर बघून लोक त्याला ‘लाल उपजाती’ म्हणून सँग्विनोलेन्टस ठरवतात. प्रत्यक्षात ही दोन रूपं अँडीजच्या विरुद्ध बाजूंना आहेत आणि त्यांच्यामध्ये मोठं अंतर आहे. जागा आधी लिहिली असती तर ही चूक होऊच शकली नसती.

रंगावर एकट्याने विसंबू नये याची कारणं आणखी आहेत. तुंकी सगळ्यात चांगला दिसतो तो पहाटे आणि संध्याकाळी, दाट झाडीत. अशा अंधुक उजेडात लाल रंग काळपट दिसतो. धुक्यात रंग फिका पडतो. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो. मग कॅमेरा स्वतःच्या हिशोबाने रंग ‘दुरुस्त’ करतो, मोबाइल त्यात भडकपणा वाढवतो, आणि समाजमाध्यमांवर टाकण्याआधी माणूस आणखी थोडा फिल्टर लावतो. नारिंगी पक्षी लाल व्हायला एवढं पुरेसं आहे.

यावर एक उपाय पक्ष्याच्या अंगावरच आहे. नराच्या पंखांवरची ती फिकट राखाडी पिसं बघा. फोटोत ती खरोखर राखाडी दिसतात का? पिवळट दिसत असतील तर सगळाच फोटो पिवळ्या-लाल रंगाकडे सरकलेला आहे. निळसर दिसत असतील तर उलट. फोटो सुधारणाऱ्या कुठल्याही अॅपमध्ये या पिसांवर रंगसंतुलन साधून घ्या आणि मग अंगाचा रंग पुन्हा बघा. काळ्या पंखांकडेही लक्ष द्या. तिथे पिसांचा तपशील दिसत असून अंगाचा रंग सपाट, ठिगळासारखा दिसत असेल तर फोटोत उजेड जास्त घेतला गेला आहे, आणि लाल भाग त्यामुळे नारिंगीकडे सरकलेला असू शकतो. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि अर्धे वाद तिथेच मिटतात.

आणखी एक. हा रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा असतो, आणि ही द्रव्यं पक्ष्याला खाण्यातून मिळतात; तुंकीचं मुख्य खाणं फळं. त्यामुळे पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा रंग त्याच्या आहारावर अवलंबून राहतो. संग्रहालयात जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांचा रंगही काळानुसार उतरतो. प्राणिसंग्रहालयातला फोटो मोजमाप मानून रानातल्या पक्ष्याची उपजाती ठरवू नका.

डोळ्यांकडेही बघा. बुबुळाचा रंग नर-मादीनुसार आणि उपजातीनुसार बराच बदलतो. नरांमध्ये तो लाल, नारिंगी, पिवळा ते निळसर पांढरा असू शकतो, माद्यांमध्ये पांढरट, लालसर ते तपकिरी. नवख्याने यावरून निष्कर्ष काढू नये, पण नोंद जरूर करावी. डोळा स्वच्छ दिसणारे, जागेची खात्री असलेले फोटो जितके जमतील तितकं हे चित्र स्पष्ट होत जाईल.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष बघायला जाणार असाल तर

तुंकीचे नर ठरलेल्या जागी जमतात आणि माद्यांसमोर प्रदर्शन करतात. ही जागा वर्षानुवर्षं तीच राहू शकते, म्हणूनच तो बघायला मिळण्याची एवढी खात्री असते. नर फांद्यांवर आणि वेलींवर बसतात, वाकतात, पंख फडफडवतात, उड्या मारतात, चोच वाजवतात, आणि घोगऱ्या, घुरघुरत्या आवाजात ओरडतात. बऱ्याचदा दोन नर समोरासमोर येऊन एकमेकांना उत्तर देतात. मादी आली की गोंगाट एकदम वाढतो. गयानन जातीचे नर जमिनीवर साफ केलेल्या छोट्या अंगणांत प्रदर्शन करतात. तुंकी जमिनीपासून वर झाडांत करतो. नाचाच्या जागेचा व्हिडिओ असेल तर यावरूनही दोन जाती वेगळ्या काढता येतात.

उजाडण्याआधी जागेवर पोहोचा. विषुववृत्ताजवळ वर्षभर सहाच्या सुमारास उजाडतं, त्यामुळे मिंदो भागात पाचच्या आसपास वाट धरावी लागते. दुपारनंतर नर पुन्हा जमतात. हार्दिनमध्ये संध्याकाळची वेळ सोयीची आणि उजेडही थोडा जास्त. बहुतेक जागा खासगी जमिनीवर आहेत, तिथे आधी सांगून आणि शुल्क भरूनच जायचं असतं. हे पैसे खुशाल द्या. जमीनमालकाला उभं जंगल फायद्याचं वाटतं ते याच पैशांमुळे.

आठ पट मोठं दाखवणारी, रुंद भिंगाची दुर्बीण अंधाऱ्या रानात दहा पटवालीपेक्षा चांगली. फ्लॅश अजिबात नको. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने रंग दुरुस्त न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा, म्हणजे राखाडी पिसांवर रंग नीट साधता येतील. गडद कपडे, रेनकोट, आणि कुजबुजसुद्धा कमीत कमी. आवाजाची ध्वनिफीत वाजवून पक्षी बोलावण्याची इथे गरजच नसते, तो आधीच तिथे असतो.

सहावी पायरी: नोंद

ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना नाचाच्या जागेचा नेमका बिंदू निवडा, सगळ्या जिल्ह्याचा नको. जातीची नोंद नेहमीसारखी करा आणि उपजातीबद्दलचा तर्क टिप्पणीत लिहा. टिप्पणीत जागा, उंची, डोंगराची बाजू, नर-मादी, अंगाचा रंग कोणत्या उजेडात बघितला, डोळ्याचा रंग, एवढं असावं. उपजातीचं नाव कशावरून दिलं तेही लिहा: ‘जागेवरून’ की ‘रंगावरून’. पुढे ती नोंद वाचणाऱ्या अभ्यासकाला हा फरक फार मोलाचा असतो, कारण जागेवरून दिलेलं नाव रंगाचा पुरावा म्हणून पुन्हा वापरता येत नाही.

सीमेवरचे पक्षी वेगळे ठेवा. उत्तर पेरूत जिथे इक्वेटोरियालिस संपते आणि पेरुव्हियानस सुरू होते, किंवा मध्य पेरू आणि आग्नेय पेरूच्या मधल्या पट्ट्यात, तिथे उपजातीचं नाव न लिहिता फक्त ‘तुंकी, पूर्व उतार’ एवढीच नोंद करावी. कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅकॉले लायब्ररीत, म्हणजे पक्ष्यांच्या फोटोंच्या ऑनलाइन संग्रहात, ठिकाणानुसार फोटो चाळता येतात. मिंदो, कोसांगा, हार्दिन आणि मानू रस्ता या चार ठिकाणांचे पूर्ण वाढलेल्या नरांचे फोटो शेजारी शेजारी उघडा, प्रत्येकात राखाडी पिसं तपासा, आणि मग एका अनोळखी फोटोवर हात आजमावा.